तिच्या अजानपर्यंत

रमजानची संध्याकाळ होती. बगदादच्या बसथांब्यावर सुन्नी मशिदीची अजान ऐकू आली. हाझिमच्या शेजारी एक म्हातारा हातात खजूर घेऊन नुसताच बसला होता आणि त्याची बायको चिडली होती.

“अहो, खा की! तुम्हा सुन्नींचा रोजा सुटला.”

“तुम्हा शियांचा कुठे सुटलाय? आभाळातली लाली ओसरू दे.”

“साखर उतरली की पडाल. मग मी उचलू तुम्हाला?”

“पैगंबरांच्या जागी कुणी बसायचं, हे चौदाशे वर्षं मिटलं नाही. घटकाभरानं काय बिघडतं?”

“मिटलंच होतं. जागा हजरत अलींची होती.”

“जाणत्यांनी हजरत अबू बक्रना निवडलं.”

“अलींना विचारलं कुणी?”

“तू तिथं असतीस, तर विचारावंच लागलं असतं.”

“लाडीगोडी पुरे. खजूर खा.”

“तुझ्याबरोबर.”

म्हातारीने हाझिमकडे पाहिलं. त्याच्याही हातात खजूर तसाच होता.

“भाऊ, तुम्ही आमच्यातले? शिया?”

“नाही,” हाझिम म्हणाला. “माझी बायको होती.”

लाली ओसरली, शिया मशिदीची अजान आली. म्हातारीने पाण्याची बाटली आधी हाझिमपुढे धरली.

“घ्या, भाऊ. तिची अजान झाली.”