दिवे, बाकडी, पाणपोई इत्यादी

(कोळीवाड्याचा धक्का. ऑक्टोबरची दुपार. सिमेंटचं एक बाकडं.)

मथुरा : सरकारनं बाकडं दिलं, पन नेमकं उन्हात. बूड भाजलं माझं. सरक गो विमले जरा.

विमला : कुठे सरकू मावशी? पलीकडे तुझ्या दिरांची फाईल, पॅड, चष्म्याचं घर. अनंताकाका रिटायर झाले, पण मंत्रालयातलं टेबल बरोबर घेऊन आले.

अनंता : चौतीस वर्षं त्याच टेबलावर कारकुनी केली, विमल. समोर फाईल नसली तर मला अक्षर सुचत नाही. आणि वहिनी, बाकड्याला नावं ठेवू नका. राज्याच्या अर्थसंकल्पातून आलंय ते. तुमच्या मासळीवाल्या महिला संस्थेच्या पत्रावरून. किती जणांच्या नशिबी असतं असं बसणं?

विमला : तेही तीन वर्षं घासल्यावर. पहिल्या वर्षी आठवतं ना मावशी? अर्थसंकल्प मांडून झाला आणि दुसऱ्या दिवशी साठ बायकांच्या सह्या घेऊन आम्ही मंत्रालयाच्या दारात. अंधेरीहून टेम्पो करून! मी संस्थेची सचिव, म्हणून लग्नातली साडी नेसून पुढे. गेटवरचा पोलीस म्हणतो, ‘बाई, पंगत कालच उठली. आता काय ताटं घासायला आलात?’

मथुरा : तरी हिनं त्यालाच पत्र दिलं.

विमला : त्याच्या अंगावर युनिफॉर्म होता गं. मला वाटलं चालेल.

अनंता : आधी मला विचारलं असतंत तर! मार्चमध्ये नुसतं भाषण असतं. खातं आपल्या मागण्या दिवाळीच्या सुमारास वर पाठवतं. त्या कागदात आपण नसलो, तर भाषणात कुठून येणार?

विमला : नाही विचारलं, कारण मला वाटायचं मला कळतं. सातवी पास असले तरी पेपर रोज वाचते. बोंबील बांधायच्या आधी. दुसऱ्या वर्षी तर कमालच केली. दिवाळीआधी गेले, एकदम टायमात, आणि पत्र नेऊन दिलं पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. तिथला साहेब भला माणूस. चहा पाजला, मग म्हणाला, ‘ताई, धक्का राज्याच्या मत्स्य खात्याकडे. आमचा अर्थसंकल्प वेगळा, त्यांचा वेगळा.’ मी म्हटलं, ‘अय्या, दोन असतात?’ आणि ही सचिव!

मथुरा : वर त्याच्यासंगती फोटो काढून आली.

विमला : फोटो मात्र झकास आला होता.

अनंता : म्हणून तिसऱ्या वर्षी मी हातात घेतलं. ऑक्टोबरात खात्याला पत्र, प्रत आमदारांना. खात्याच्या इंजिनिअरच्या मागे लागून खर्चाचा अंदाज जोडला. अर्थखात्याने लोकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा तिथेही तेच पाठवलं. ही बघा कार्यालयीन प्रत. ‘दिवे, बाकडी, पाणपोई इत्यादी.’ मार्चमध्ये मंजूर! दिवे आले, बाकडी आली, पाणपोई आली.

मथुरा : इत्यादी नाय आली.

अनंता : ती लिहायची पद्धत असते, वहिनी.

मथुरा : असूदे. आपली बोलले.

अनंता : यंदा मात्र एकच मागणी, ठळक. ऐका. ‘विषय : धक्क्यावर दररोज धूर फवारणी करणेबाबत.’

विमला : फवारणी? कसली?

अनंता : डासांची. गेल्या आठवड्यात वहिनी चार दिवस मलेरियाने दवाखान्यात होत्या ना? फवारणी पालिका करते, खातं करणार नाही, हे मला ठाऊक आहे. चौतीस वर्षांत चुकीच्या खात्याला लिहिलेलं हे पहिलं पत्र. पण घरातलं माणूस सलाइनवर बघितलं की नियम आठवत नाहीत.

विमला : मावशी, चिमटे नको काढूस.

मथुरा : मी कवा काढले?

विमला : हा बघ दंड, लाल झालाय. काका, तो मलेरिया नव्हता.

मथुरा : विमले! भावजी हायेत समोर.

विमला : तेच तर लिहितात ना पत्र.

अनंता : मग काय होतं? डेंग्यू?

विमला : नाही हो. ते... बाईमाणसाचं.

अनंता : अच्छा. मग नको सांगू. ‘महिलांचे आरोग्य इत्यादी’ असं घालतो मी.

विमला : इत्यादी नको, काका! पाया पडते. मागच्या खेपेला हेच झालं. तुम्ही विचारलंत, ‘अजून काही?’ आणि साठच्या साठ बायका खाली बघत बसल्या. पापलेटाला हात लावून न घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं खानदान काढणाऱ्या बायका! आणि मी सचिव, पुढारी, मी काय बोलले? ‘बाकी तुम्हाला कळतंच.’

अनंता : कळत होतं.

विमला : काय?

अनंता : रोज पहाटे फिरायला येतो मी इथे. पुरुष होड्यांच्या आडोशाला जातात. बायका टोपल्या सोडून कुठे जाताना दिसल्या नाहीत कधी. कळत होतं, विमल. हात गेला नाही लिहायला. मनात म्हटलं, वरचे लोक समजून घेतील.

विमला : वरचे! त्यांच्या केबिनला आतूनच ‘त्या’ खोलीचं दार असतं, काका. ते कशाला समजून घेतील?

मथुरा : झालं ना? उठा आता. उनात कालवणाची मासळी तापतेय माझी.

अनंता : बसा वहिनी. खात्याच्या नमुन्यात एक रकाना आहे, ‘मागणीची निकड’. इंजिनिअर अंदाज देईल, आमदार शिफारस करतील, पण त्या रकान्यात त्यांच्या मनाने कुणी काही लिहिणार नाही. तो कोरा गेला की कागद तिथेच बसतो. परवापर्यंत द्यायचंय.

विमला : द्या, मी लिहिते. ‘महिलांची अत्यंत कुचंबणा होत असून...’

मथुरा : कुचंबणा म्हंजे काय गो?

विमला : म्हणजे... म्हणजे तेच.

मथुरा : मना नाय समजलं, तर त्या इंजिनिअरला काय समजतंय?

विमला : मग तू सांग. डॉक्टरीण तुला काय म्हणाली ते. मी तर बाहेर होते.

मथुरा : दाराला कान लावून होतीस.

विमला : होते. पण मी सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट झाली. काका, ऐकीव चालतं?

अनंता : नाही चालत.

मथुरा : भावजी, त्या पाणपोईचं पानी कसं लागतं?

अनंता : चांगलं आहे. गार असतं. का, तुम्ही नाही प्यायलात?

मथुरा : दोन वर्सं झाली ती बसवून. एका बाईनं तोंड नाय लावलं तिला.

अनंता : दोन वर्षं...

मथुरा : पेन उघडा. लिवा. मथुरा पहाटे तीनला घरनं निघते, दुपारी दोनला परत जाते. तवर पान्याचा थेंब घेत नाय. तीस वर्सं. डॉक्टरीण बोलली, एक किडनी सुकत आली, दुसरी तरी राख. असं घालता येतं का तुमच्या रकान्यात?

अनंता : येतं. पण वहिनी, ते विचारतील, पाणी का घेत नाही.

विमला : मी सांगू, मावशी?

मथुरा : नको. तू कुचंबणा लिवशील. भावजी, लिवा. मोठ्या अक्षरात. आमाला मुतायला जागा नाय.