बंद करायची कमांड

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“दादा, मिट तो लॅपटॉप. आईला ऑपरेशनला नेतायत.”

“ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे सर्व्हरवरच्या कॉम्प्युटरचं, नेटवर्क अडलंय गं. बंद करून चालू केलं की झालं.”

“मग आता काय झालं?”

“बंद केलं. पण त्याच नेटवर्कवरून मी आत शिरलो होतो. आता चालू करायची कमांड पोचतच नाही.”

“शहाणाच आहेस! बसलास तीच फांदी तोडलीस.”

“ऑफिसात जावंच लागेल. तासाभरात येतो.”

“बाबांच्या वेळीही तासाभरातच येणार होतास.”

तो जिन्याकडे धावला. तेवढ्यात आईचं स्ट्रेचर आलं.

“दादा कुठाय गं? चष्म्याशिवाय काही दिसत नाही.”

“हा काय, आई, तुझ्या मागेच उभा आहे.”

म्हातारा उठला आणि स्ट्रेचरच्या मागे जाऊन उभा राहिला.