रामकिसनची माफी

आता मला सांगा, ज्याचे दातच पुढं आहेत त्यानं रडका चेहरा करावा तरी कसा?... आमच्या भिंतीपलीकडचा रामकिसन हो, लग्नात माईकवर बोलणारा! अख्ख्या मुकुंदवाडीला त्याचा आवाज ठाऊक. मी काय बोलत नाय बरं, पण त्याचं लई वाईट झालं.

भर मे महिना, मुहूर्त टळलेला, नवरा-नवरी हार धरून उभे, अन् साहेबांचा आशीर्वाद आपला चालूच... रस्ते झाले, पाणी झालं, विरोधक झाले! रामकिसनच्या तोंडून निसटलं, "साहेब, जरा आवरतं घ्या, लेकरं उन्हात करपायलीत." सगळा मांडव हसला. कुणीतरी तेवढंच मोबाईलमध्ये धरलं अन् गावभर सोडलं. संध्याकाळी साहेबांच्या पक्षाची पोरं त्याच्या दारात! "साहेबांचा अपमान करतो का बे? माग माफी!" मी आपली वाळवण काढायच्या निमित्तानं गच्चीवर. बिचाऱ्यानं हात जोडून व्हिडिओ केला, तर म्हणे, "काहून हसतो बे? परत घे!" अहो, हसत नाय तो, जबडाच तसा! शेवटी मीच वरून रुमाल टाकला, म्हणलं, "बाबा, तोंडावर धर."

सुटला वाटतं तुम्हाला? छे! आदल्या दिवशी "वाघ आहेस भाऊ" म्हणणारे विरोधकच आता म्हणायले, "शेपूट घातली! चमचा!" या बाजूच्या सुपाऱ्या गेल्या, त्या बाजूच्याही गेल्या. त्याची बायको मेघा म्हणायची, "काकू, हे घरातपण बोलंना झालेत हो..." मी काय बोलत नाय बरं, पण भिंतीला कान लावला तरी आवाज येईना!

परवा कुठं एक लग्न मिळालं. मीपण गेलते. ऊन तेच, साहेब दुसरे, आशीर्वाद तेवढाच लांब... पुढच्या रांगेत नवरीच्या आजीनं, पारूबाईनं, मान टाकली. बाजूच्यांना वाटलं, म्हातारीला डुलकी लागली. पांढरे झालेले डोळे समोरून एकट्या रामकिसनला दिसले. हातात माईक! नुसतं "डॉक्टर आहे का कुणी" म्हणायचं होतं हो... त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं... टाळ्या झाल्या तवा कुठं सून किंचाळली. दवाखान्यात पोचेस्तोवर म्हातारी गेली.

मी काय बोलत नाय बरं, पण घरी येताना रिक्षात राहवलंच नाय. म्हणलं, "मेल्या, माईक तुझ्याच हातात होता ना?"

माझ्याकडं न बघताच म्हणला, "काकू, साहेबांचं वाक्य अर्धं होतं."