चार सऱ्यांचं तण

दोन हजार एकवीस साल, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, पेरणी तोंडावर आलेली... आणि सूनबाई म्हणते, यंदाही नांगर बाहेर काढायचा नाही! तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं नांगर धरलाय मी! आणि ही मला शिकवणार? "बाबा, जमीन उलटली की खाली झोपलेलं तण जागं होतं. मागच्या पिकाचा पाचोळा राहू द्या, त्यातच पेरू. तीन वर्षं जपली तेव्हा आत्ता कुठे गांडुळं दिसायला लागलीत." गांडुळं! आता त्यांना विचारून शेती करायची?

शेत कसलं ते, न झाडलेलं घर! लोक म्हणतील, म्हातारा खचला. तर आमची म्हातारी म्हणते, "लोक काही म्हणत नाहीत. तुमचेच हात शिवशिवतायत." तिला काय कळतंय... शिवशिवत होतेच.

सूनबाई दोन दिवस माहेरी गेली आणि मी बैल जुंपले. चार सऱ्या. फक्त चार, तेही कडेला! वरून फळी फिरवली, पेरणीही त्यावरच झाली, कुणाला कळणार? पन्नास वर्षं नांगर धरलाय मी!

महिन्याभरात कळलं. सगळ्या शिवाराला! बाकी रानात पीक, आणि माझ्या चार सऱ्यांत तण, वीतभर, दाट, पीक शोधायला चष्मा लागावा!

सूनबाई बांधावर उभी. "बाबा, इथे कोणी नांगरलं?"

"मला काय माहीत! डुकरांनी उकरलं असेल."

"असेल हो," म्हणते कशी, "पण डुकरं इतक्या सरळ सऱ्या काढतात? दोरी लावल्यासारख्या?"

"दोरी कशाला लागते! पन्नास वर्षं नांगर धर..."

गेलं तोंडातून.

हसली नाही हो. तेच लागलं. "फुलायच्या आत निघायला हवं, बाबा. बी पडलं की माझी तीन वर्षं मातीत."

म्हटलं, "माझं तण. मीच काढीन. कोणी हात लावायचा नाही." ऐटीत खुरपं उचललं, तर ओरडली, "उकरू नका, आणखी उगवेल! विळ्याने बुडाशी कापा, मुळं आतच कुजू देत." म्हणजे एकेक काडी! वाकून! या वयात! आणि बांधावरून म्हातारी विचारते, "अहो, थांबले का हात शिवशिवायचे?"

नऊ दिवस लागले. शेवटी दोन्हीकडची माती मुठीत घेऊन पाहिली. तिची भुसभुशीत, ओल धरलेली. माझी नुसती ढेकळं. घरात बोललो नाही. तुम्हाला म्हणून सांगतो.

कापलेलं सगळं तिथेच पसरलं. चार सऱ्या झाकल्या. फिटलं.