माझं नाव, मी सोडून साऱ्यांनी ऐकलेलं

...आणि वर लोक मलाच विचारतात, "सर, कसं वाटलं?" काय कसं वाटलं? साऱ्यांनी ऐकलं हो, मी सोडून!

तुम्हाला सांगतो, जन्मभर चंद्रपुरात भौतिकशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली तीही ध्वनीवर, आणि लाखात एखाद्याला होणारा आजार, ज्यात शरीर स्वतःच्याच कानांवर उठतं, तो झाला कुणाला? मला! कित्येक वर्षं ठार बहिरा. मग नागपूरला ऑपरेशन, कानाच्या आत इम्प्लांट, आणि टाके सुकल्यावर मशीन चालू करायचा दिवस. पहिल्या दिवशी नुसता आवाज येतो, शब्द कळायला मेंदूला महिने लागतात, हे मी आधीच वाचलेलं. पण बायकोला कुणी सांगितलं? मी सांगायला हवं होतं का?... हवं होतं बहुतेक.

तिथल्या मशीन चालू करणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमनी हिच्या, म्हणजे गोकुळाच्या, तोंडासमोर कागद धरला, मी ओठ वाचू नयेत म्हणून, आणि म्हणाल्या, काकू, काकांना नावाने हाक मारा. हे मला आमच्या मुलाने, निकेशने, नंतर लिहून दाखवलं. नावाने! अहो, आमच्या मूल गावाकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ती उखाण्यात, आणि हिने लग्नात तेही घेतलं नव्हतं, मामीच्या मागे लपली होती. तेव्हापासून मी नुसता 'आयकता का'.

पण त्या दिवशी हिने पदर सावरला आणि अख्खा उखाणा घेतला. मला काय आलं? पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखी तडतड. कागद खाली आला तर मॅडम डोळे पुसताहेत, निकेश हसतोय, दारातले पेशंट टाळ्या वाजवताहेत. कानाच्या दवाखान्यातले पेशंट हो! त्यांनीसुद्धा ऐकलं, मी सोडून!

गावी आलो तर उखाणा आमच्या आधी पोचलेला. काही महिन्यांनी शब्द कळू लागले, तर तलावावर जाळं झाडता झाडता आमचा मासेवाला पोचू सुरू. "सर, आयका! तलावात टाकलं जाळं, लागली मरळ जशी, गुणवंतरावाचं नाव घेतलं, पुन्हा घेऊ कशी!" आता पोचूच्या घोगऱ्या आवाजातलं माझं नाव घेऊन मी काय करू?

बरं, शब्द मला शिकवले कुणी? हिनेच. रोज तोंडासमोर सूप धरून वांगं म्हणते, लाखोळीची डाळ म्हणते, झिंगे म्हणते, मी ओळखतो. सारं ओळखतो! म्हटलं, आता ते नाव घे.

"एकडाव घेतलं ना," म्हणाली. "नवऱ्याचं नाव का झिंगे हायेत, रोज गल्लीत ओरडाले?"

"अगं, साऱ्यांनी ऐकलं, मी सोडून."

"मंग दुसऱ्या कानात बसवा मशीन. तवा घेतो."

परवा मी फोन केला नागपूरला. डॉक्टर म्हणाले, सर, एका कानावर इतकं छान चाललंय, या वयात दुसऱ्याची गरज काय?

काय सांगणार? म्हटलं, कौटुंबिक कारण आहे... तारीख द्या.