न गायलेल्या पदाची तारीफ

मी मेहकरचा चाऊस. आमचा आजा अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आला, फौज मोडली तं इथंच राह्यला, इथल्याच बाईसंग निका लावला. घरात अरबीतल्या दुवा तेवढ्या उरल्या, बाकी सारं वऱ्हाडी. बाप अत्तर विकत होता. मले मात्र, काय सांगू तुमाले, गाण्याचं वेड. कुठं पेटी वाजली का माहे पाय तिकडं.

वऱ्हाडचा कारभार तवा नागपुरातून चाले. अकोल्याच्या एका साप्ताहिकात मी लिहू लागलो. संपादक म्हणे, अरबाचा पोरगा संगीत नाटकावर लिहिते, लोक वाचतीनच. मंग नाटक, तमाशा, तंबूतला बायस्कोप, सारं लिहिलं. वीस वर्षं, दुसरं काही सुचलंच नाई.

आता एक खोड सांगतो. टपालाची मोटर दिवस मावळता निघे अन् खेळ रात्री, अंक चुकू नाई म्हणून मी दुपारची तालीम पाहूनच लिहून टाकत होतो, खेळ पाह्यल्यासारखं.

एका वर्षी गावात उतरलेल्या नाटक कंपनीत शंकर नावाचा नट आला, बायकांची कामं करणारा. तालमीत त्याची दाढी अर्धीच झालेली, मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप त्याच्या अंगावर, अन् त्यानं पद सुरू केलं. मले वाटलं मी पाण्यात हळूहळू उतरून राह्यलो, अन् भीतीच नाई. किती वेळ गेला कोणाले ठाऊक. लिहिलं, मोटरीवर धाडलं.

अन् रातच्या खेळात त्याचा गळा बसला. पद निम्म्यावर सुटलं, लोकांनी हुर्यो केली. मंग अंक आला, त्यात त्याच पदाची माही तारीफ. बाजारात लोक म्हणत, चाऊस, कान अरबस्तानात ठेवून आला काय? संपादकाची चिठ्ठी आली का नट वाईट गायला असं लिहा, नाई तं तुमचं लिहिणं बंद. तसं लिहिलं असतं तं शंकरले कोणत्याच कंपनीनं उभं केलं नसतं. म्या खरं लिहिलं, का मी तालीम ऐकली, खेळ पाह्यलाच नाई, पण ऐकलं थे खरं होतं. त्यांनी थे छापलं, अन् माहं नाव कायमचं काढलं. लय रडलो हो मी.

शंकरचा गळा काही परत आला नाई. थो वरवट बकालले शेती करते. मागं त्याच्या घरी गेलो. बायको लग्न होऊन आली थे गळा गेल्यावर, तिनं त्याचं गाणं कधी ऐकलं नाई. घरी कोणी शिकलेला पाहुणा आला का थे संदुकीतून साप्ताहिकातल्या थ्या तारिफीचा पिवळा कागद काढते अन् वाचून घेते. मलेही वाचाले लावला. लिहिणारा मीच, हे तिले ठाऊक नव्हतं. म्या सारा वाचला. शंकर खाली पाहून राह्यला.

थे म्हणे, खरंच असं गात होते काय हो?

हाव वहिनी, म्हटलं, म्या ऐकलं हाय.

अल्ला त्या घराले सुखी ठेवो.