दरीत कोसळलेला हिरो

मूकपटांचे दिवस. लॉस एंजेलिसच्या थिएटरात दर शनिवारी चित्रमालिकेचा ताजा भाग लागायचा. गेल्या भागात हिरो क्लाइड पर्डी घोड्यासकट दरीत कोसळला होता, आणि त्यानंतर स्टुडिओने त्याला शूटिंगला बोलावलंच नव्हतं. म्हणून आज क्लाइड टोपी नाकापर्यंत ओढून तिकिटाच्या रांगेत उभा होता. पुढे दोघी शेजारणी होत्या.

"मेला बहुतेक, ओपल."

"हिरो कुठला मरतोय, हेटी? एखाद्या झुडपाला लटकला असेल."

"त्याचं पोट बघितलंस का? कुठलं झुडूप टिकेल?"

"घोडा मात्र गुणी होता गं."

"घोड्याला नाही मारायचे ते. त्याच्या तोंडावर भाव तरी दिसतात."

"असं काय करतेस. आई गेली तेव्हा किती छान रडला होता."

"तो रडत होता होय? मला वाटलं, शिंक अडकलीय."

"काही म्हण, मेला तर मला चुकल्यासारखं होईल."

"दोन शनिवार होईल. मग नवा आणतील, चांगला तरणाबांड."

ओपलला काही ते पटेना. ती मागे वळली.

"काय हो दादा, तुम्हाला काय वाटतं? वाचला असेल का तो?"

क्लाइडने टोपी आणखी खाली ओढली.

"तेच बघायला आलोय, ताई."